कोकणातली अभयारण्यं पहिल्यांदा पाहायला जाताना: जंगल, खाडी, वाळू आणि समुद्र

"कोकणातल्या अभयारण्यात जायचंय, काय काय दिसेल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ताडोबा असतो. एक फाटक, एक जीप, एक ठरलेला रस्ता आणि नशिबात असेल तर वाघ. कोकणात यातलं काहीच लागू पडत नाही. इथे तुम्ही पायी फिरता किंवा होडीत बसता. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत दाट जंगल, कातळाचे सडे (उघडी खडकाळ पठारं), देवराया, खाजणं (खाऱ्या पाण्याच्या दलदली), कांदळवनं, पुळणी (वाळूचे किनारे) आणि प्रवाळ एकमेकांना खेटून आहेत. यातल्या प्रत्येकाची वेळ वेगळी, परवानगी देणारा वेगळा आणि काळजी घेण्याच्या गोष्टीही वेगळ्या.

म्हणून नवख्या माणसाने प्राण्यापासून सुरुवात करू नये, अधिवासापासून करावी. "बिबट्या दिसेल का" हे विचारण्याआधी "मला कुठल्या प्रकारची जागा बघायची आहे" हे ठरवलं, की महिना, तास, कपडे, सोबत कोण हवं, हे सगळं आपोआप ठरत जातं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी अधिवास निवडा

रानातले पक्षी बघायचे असतील तर पहिली भेट कर्नाळ्याला द्या. पनवेलजवळ, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच हे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली ते जाहीर झालं तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं; २००३ मध्ये ते वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटरचं केलं. जागा छोटी असली तरी नवख्यासाठी याहून चांगली शाळा नाही. फाटकापासून हरियाल आणि मोरटाका अशा दोन आखलेल्या पायवाटा निघतात, म्हणजे वाट चुकण्याची भीती कमी. बरेच जण तिथून थेट कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याकडे निघतात. किल्ला जरूर बघा, पण वेगळ्या दिवशी. पक्ष्यांचा दिवस आणि चढाईचा दिवस एकत्र केला की दोन्ही अर्धवट राहतात.

मोठं, थोडं रानटी जंगल हवं असेल तर फणसाड. रायगड जिल्ह्यात मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेलं हे अभयारण्य एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथल्या नैसर्गिक पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात, आणि फणसाडगाणीवरूनच अभयारण्याला नाव पडलं. अंजनीची झाडं, माणसाच्या मांडीएवढी जाड होत जाणारी गारंबीची वेल, आणि उंच फांद्यांवरून झेपावणारा शेकरू, हे फणसाडचं खरं धन. प्रवेश सुपेगावातून.

खाडी आणि चिखलाचं मैदान यासाठी ठाणे खाडी. २०१५ मध्ये इथे सुमारे सतरा चौरस किलोमीटरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होड्या सुटतात. सिंधुदुर्गाकडे जाणार असाल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर करा. वल्हवणाऱ्याही बायकाच, झाडांची ओळख करून देणाऱ्याही त्याच.

समुद्राच्या पोटातलं जग बघायचं तर मालवण. इथलं सागरी अभयारण्य १९८७ चं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यातच येतो. किल्ल्यावर जाणाऱ्या हजारो पर्यटकांना आपण अभयारण्यातून चाललोय याची कल्पनाही नसते.

पुळण आणि कासवं यासाठी वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी ही रत्नागिरी जिल्ह्यातली गावं, किंवा वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी.

आंबोली आणि तिळारी हा सिंधुदुर्गाच्या टोकाचा, घाटाला टेकलेला भाग. तो पहिल्या भेटीसाठी मी सुचवत नाही. पावसाळी बेडूक, झुडपांवरचा चापडा साप, रात्रीची भटकंती हे सगळं तिथे आहे. पण कर्नाळा-फणसाडात चालण्याची सवय झाल्यावर तिथे गेलात तर शतपटीने जास्त दिसेल.

२. जागा कोणाच्या ताब्यात आहे ते समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सगळ्या संरक्षित जागा एका दर्जाच्या नसतात.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही, मग तो परवाना म्हणजे फाटकावरचं साधं तिकीट का असेना. आतून काहीही उचलून आणणं गुन्हा आहे. पडलेलं पीस, शिंग, ऑर्किडची फांदी, प्रवाळाचा तुकडा, सगळं यात आलं. तिळारीचं जंगल २०२० पासून 'संवर्धन राखीव' आहे. आंबोलीतलं हिरण्यकेशी, जिथल्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा सापडला, ते 'जैविक वारसा स्थळ' आहे आणि त्याच वेळी ते देवस्थानही आहे. तिथे चपला बाहेर ठेवायच्या आणि कुंडात पाय बुडवायचे नाहीत.

वेळासची पुळण मात्र अभयारण्य नाही. संरक्षण कासवाला आहे, आणि ते राबवतं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे अंडी वाचवायचं काम सुरू केलं, पुढे गावाने ते आपलंसं केलं आणि वन विभागही सोबत उभा राहिला. तिथे तुम्हाला थांबवणारा माणूस गणवेशात नसेल. तो गावातला एखादा कासवमित्र असेल. त्याचा शब्द वनरक्षकाच्या शब्दाइतकाच मानायचा.

देवराईबद्दल एवढंच: तिथे तिकीट नसतं, पण नियम असतात. आत जाण्याआधी गावात विचारा, मानकऱ्यांची किंवा गुरवाची परवानगी घ्या. काही रायांमध्ये ठरावीक दिवशी कोणी जात नाही. कारण विचारत बसू नका. या नियमांनीच ती झाडं शेकडो वर्षं उभी राहिली आहेत.

३. महिना ठरवा

पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, कर्नाळा आणि फणसाड चालायला उत्तम. स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि ऊन सोसवतं. एप्रिल-मे मध्ये फणसाड कोरडं पडतं, चालताना जीव जातो, पण गाणींच्या आसपास प्राण्यांची वर्दळ वाढते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करतो आणि त्यासाठी स्वयंसेवक घेतो. हौस असेल तर महिनाभर आधीपासून चौकशी ठेवा.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, नोव्हेंबर-डिसेंबरपासून ठाणे खाडीत जमू लागतात आणि पाऊस तोंडावर आला की जातात. जानेवारी ते एप्रिल हा भरवशाचा काळ.

कासवाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मालवणचं पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी नितळ असतं. मेच्या अखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते पावसाळा ओसरेपर्यंत.

जून ते सप्टेंबर कोकणात काही बघू नये असं नाही. तिबोटी खंड्या हा रंगीत चिमुकला पक्षी पावसाबरोबरच येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं घालतो. कातळाच्या सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं ही फुलं आणि दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती उगवते. पण पावसात ओढे तासाभरात चढतात. पहिली भेट पावसाळ्यात ठेवू नका.

४. भरती-ओहोटीचं गणित शिका

खाडी, पुळण किंवा समुद्र बघायचा असेल तर ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. चुकीच्या वेळी गेलात तर खाडीत नुसतं पाणी दिसेल किंवा होडीच सुटणार नाही.

मोबाइलवर भरतीची तक्ती मिळते, ती बघाच. पण किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जे गणित वापरतात ते पाठ करून ठेवा, कारण रेंज नसताना तेच कामाला येतं. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन; दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणानुसार थोडा फरक पडतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, पण दिवसाची आखणी करायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. मुंबईजवळ उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. दक्षिणेला मालवणकडे हा फरक बराच कमी.

आता हे वापरायचं कसं?

खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांतले खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी बघायच्या असतील तर उधाणाची ओहोटी गाठा. ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, म्हणजे उजेडही मऊ मिळतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की लगेच परत निघा. पाणी समोरूनच येतं असं नाही. मागच्या सखल भागात आधी भरतं आणि तुम्ही उभे असलेला खडक बेट होऊन बसतो.

ठाणे खाडीत होडी फिरायला पुरेसं पाणी लागतं, आणि रोहित मात्र चिखल उघडा पडल्यावर खायला उतरतात. त्यामुळे होडीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. ऐरोलीला होडीची जागा राखून ठेवताना तुम्हाला जी वेळ दिली जाते ती हट्टाने बदलून मागू नका. ती पाण्याने ठरवलेली असते.

मालवणात भरतीइतकाच वारा बघा. रात्रीचे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे वारे सकाळपर्यंत समुद्र शांत ठेवतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा उठतात आणि पाणी गढूळ होतं. म्हणून पाण्याखाली बघायचं असेल तर सकाळची पहिली फेरी. होडीवाल्याने "पाणी गढूळ आसा, उद्या येवा" म्हटलं तर त्याचं ऐका. धंदा सोडून तो तुम्हाला खरं सांगतोय.

५. परवानगी आणि कागद

साध्या भेटीसाठी आधीपासून अर्ज वगैरे करावा लागत नाही. फाटकावर नोंद, तिकीट, वाहन आणि कॅमेऱ्याचं शुल्क, एवढंच. तरी खालच्या गोष्टी जवळ ठेवा:

- प्रत्येक प्रौढाचं मूळ ओळखपत्र आणि एक प्रत (मुक्काम असेल तर प्रत मागतातच)
- होडी किंवा तंबू आधी ठरवला असेल तर त्याची छापील पावती; मोबाइलमधलं चित्र रेंज नसतानाही उघडेल असं साठवून ठेवा
- गाडीची कागदपत्रं
- सुट्टे पैसे. सुपेगाव, वेळास, दोडामार्गच्या आतल्या भागात मोबाइलने पैसे देता येतील हे गृहीत धरू नका
- शाळा किंवा मंडळाचा गट नेत असाल तर संस्थेचं पत्र आणि सगळ्यांची यादी, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आठवडाभर आधी दिलेली

अभ्यास, नमुने गोळा करणं किंवा चित्रीकरण यासाठी मात्र वेगळी लेखी परवानगी लागते. संशोधनाची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, म्हणजे नागपूरच्या कार्यालयातून येते आणि तिला वेळ लागतो. ड्रोन घरीच ठेवा. घरट्यांवरून ड्रोन गेला की पक्षी अंडी सोडून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साप्ताहिक सुट्टी आधी फोन करून विचारा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं हे माहीत नसल्याने परत फिरणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. फाटकावर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजलं जातं आणि काही ठिकाणी त्यासाठी अनामतही घेतात. बाहेर येताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत. वाद घालू नका, स्टीलची बाटली न्या.

६. सोबत गावचा माणूस घ्या

एवढा एकच खर्च करायचा असेल तर हाच करा. फणसाडला वन विभागामार्फत स्थानिक वाटाडे मिळतात, मुक्कामासाठी तंबूही आहेत. वेळासला घरगुती मुक्काम असतो: अंगणात जेवण, पानात आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी, कधी मोदक. कासवांच्या दिवसांत शनिवार-रविवारची घरं खूप आधी भरतात, म्हणून जमल्यास मधले वार धरा.

वाटाड्याला "बिबट्या दाखवाल ना?" असं पहिल्याच मिनिटाला म्हणू नका. त्याऐवजी "काका, आज सकाळी वाटेवर काय दिसलं?" असं विचारा. मग तो ओल्या मातीतला ठसा दाखवेल, शेकरूने कुरतडून टाकलेलं फळ दाखवेल, साळिंदराचा काटा दाखवेल. मालवणात मच्छीमारांशी बोलताना हेही ध्यानात असू द्या, की अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आपली मासेमारी जाईल या भीतीने अनेकांनी त्याला विरोध केला होता. संरक्षण कसं चांगलं यावर त्यांना भाषण देऊ नका. समुद्र त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

७. पिशवीत काय भरायचं

मळकट हिरव्या, तपकिरी किंवा राखाडी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात घोट्यापर्यंतचे बूट, जाड मोजे. ८×४० किंवा १०×४२ ची दुर्बीण. स्वस्त खेळण्यातली दुर्बीण घेण्यापेक्षा एखाद्याकडून उसनी आणा. पक्ष्यांची चित्रं असलेलं मराठी पुस्तक, छोटी वही, पेन्सिल. माणशी दोन लिटर पाणी. गूळ-शेंगदाणे किंवा दशम्या. टोपी, विजेरी (कासवांसाठी जायचं असेल तर तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा). अत्तर आणि वासाचा पावडर नको. गाण्यांचा स्पीकर तर अजिबात नको.

८. रानात चालण्यापेक्षा बसायला शिका

उजाडताना फाटकावर असा. ऊन चढलं की रान गप्प होतं, आणि बहुतेक पर्यटक त्याच वेळी पोचतात.

आत गेल्यावर नवखा माणूस चालत सुटतो. पाच किलोमीटर तुडवतो आणि "काहीच नाही दिसलं" म्हणत परततो. माझा सल्ला उलटा आहे. अर्धा किलोमीटर जा, ओढ्याजवळ किंवा फळं धरलेल्या वडा-उंबराजवळ आडोसा बघा आणि वीस मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं तुमच्या येण्याने रान थबकलेलं असतं. मग एखादा बुलबुल बोलतो. मग तांबटाची टुक-टुक सुरू होते. थोड्या वेळाने भृंगराज येतो, शेपटीची दोन लांब पिसं मागे हलवत, आणि त्याच्यामागोमाग सातभाई, सुतार, रामगंगा असा सगळा मिश्र थवा पानं चाळत पुढे सरकतो. त्यांनी उठवलेले किडे भृंगराज हवेत टिपतो. या थव्याच्या मागे धावायचं नाही. तो तुमच्या डोक्यावरून जाऊ द्यायचा.

कान डोळ्यांच्या आधी कामाला लावा. शेकरू दिसण्याआधी त्याची खडखडती हाक वरून येते. वानरं अचानक घशातून खाकरू लागली आणि एकाच दिशेने बघू लागली, तर खाली बिबट्या चालत असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्या दिशेला जायचं नाही. एकत्र थांबा, वाटाडा सांगेल तसं शांतपणे मागे फिरा, पळू नका, लहान मुलांना मध्ये घ्या.

सगळ्यात मोठा सापळा घरट्याचा. तिबोटी खंड्याच्या बिळासमोर तासन्‌तास कॅमेरे लावून बसलेली माणसं असली की आईबाप पिल्लांना चारा घेऊन आत जाऊ शकत नाहीत. चोचीत खेकडा किंवा पाल घेऊन एखादा पक्षी फांदीवर नुसता बसून राहिला असेल, तर तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय असं समजा आणि तिथून निघा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणंही याच जातीचं. तो हद्द राखायला धावून येतो, दमतो, आणि तुम्हाला मात्र एक फोटो मिळतो.

९. कासवांच्या पुळणीवर

इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसंही ती उकरत. म्हणून कासवमित्र पहाटे माग काढून अंडी कुंपणात आणतात आणि तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत वाळूच्या उबेने पिल्लं निघतात. नर होणार की मादी हेही वाळूच्या तापमानावर ठरतं.

पाहुण्यांना सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुळणीवर बोलावतात. कुंपणातल्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर पिल्लं असतील तर सोडतील, नसतील तर नाहीत. त्यामुळे एक रात्र नको, दोन रात्री ठेवा. वेळास गावातून पुळण दोनेक किलोमीटर आहे, पहाटे लवकर निघा. दोरीच्या मागे उभं राहायचं. पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, पांढरी विजेरी नाही. पिल्लू उजेडाकडे वळतं. तुमच्या मोबाइलच्या प्रकाशाने ते समुद्राकडे पाठ करतं. वाळूवर ते स्वतः चालत गेलं पाहिजे, म्हणून "उचलून पाण्यात ठेवूया" हा कळवळाही आवरा.

आणि कोकणची कासवं फक्त कोकणची नाहीत. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मुलांना सोबत नेलंत तर नकाशा काढून ही वाट बोटाने दाखवा.

१०. मालवणच्या पाण्यात

तरंगत खाली बघण्याआधी होडीवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, माशांना पाव घालायचा नाही, आणि जीवरक्षक जॅकेट सगळ्यांना. प्रवाळावर उभं राहू नका. दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत आहे आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. प्रवाळ कायद्याने वाघाइतकाच संरक्षित आहे. बाजारात कोणी त्याचा तुकडा विकायला आणला तर घेऊ नका.

११. खरे धोके

बिबट्याची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात त्रास होतो तो लहान गोष्टींनी.

फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर हा छोटा विषारी साप भरपूर आहे. दगड उलटवू नका, न बघता हात टेकू नका, अंधारात विजेरीशिवाय पाऊल नको. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळणं काही करायचं नाही. तो अवयव हलू न देता जवळच्या सरकारी रुग्णालयात. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. आंबोली-तिळारीत झुडपावर बसणारा चापडाही असतो, आणि आपल्याकडचं प्रतिसर्पविष त्याच्या विषासाठी बनवलेलं नाही. फांद्या बाजूला करताना काठी वापरा.

माकडताप. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून हा आजार आढळतो. गोचिडीमार्फत तो पसरतो, जोर जानेवारी ते मे. पायजमा मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन विभागाला कळवा. पुढच्या आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "मी त्या जंगलात गेलो होतो" हे आवर्जून सांगा. नाहीतर साधा ताप समजून वेळ जातो.

चिखल आणि मगरी. कांदळवनात होडीतून खाली उतरू नका. चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो आणि तुमच्या पायाखाली झाडांची श्वसनमुळं मोडतात. पांढरी चिप्पी हा तर आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांत मगरी आहेत. महाड-चिपळूण भागात काठावर उतरून पाय धुण्याचा मोह टाळा.

१२. परतल्यावर

त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, तिथी, भरती आणि दिसलेलं सगळं लिहून काढा. पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर अभ्यासकांना उपयोग होतो. फोटो खुशाल दाखवा, पण घरटं, पाणमांजराचं बीळ, दुर्मीळ ऑर्किड यांची नेमकी जागा कुठेही लिहू नका. "रायगड जिल्हा" एवढं पुरे.

जखमी प्राणी, जाळ्यात अडकलेलं कासव, रानातला वणवा किंवा शिकारीचा संशय असं काही दिसलं असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. ठिकाण सांगताना जवळचं गाव, वाडी आणि वाटेतली ठळक खूण सांगा. किनाऱ्यावर कासव वाहून आलेलं असेल तर ते परत पाण्यात ढकलू नका. थकलेलं कासव बुडून मरतं. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका, डोळे-नाक मोकळं ठेवा आणि माणसं येईपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवा.